होडीवर कोणतं रीळ न्यावं?

धागा कसा गुंडाळतात आणि कसा सुटतो, हे कल्याणजवळच्या मोहने गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे गावच्या बोलण्यातल्या एनआरसीच्या कारखान्यात कित्येक दशकं कृत्रिम रेशमाचा धागा निघत होता. 2009 मध्ये कंपनी बंद पडली, पण वाइंडिंग खात्यात ज्यांनी पाळ्या केल्या त्यांच्या बोटांना तो धागा अजून ठाऊक आहे. धागा सुटताना कोन जागच्या जागी उभा असतो आणि धागा त्याच्या टोकावरून वळसे घेत निघून जातो. धाग्याचा वेग कितीही वाढला तरी कोनाला फिरावं लागत नाही. म्हणून धागा एकदम थांबला तरी मागे गुंता होत नाही.

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या बाजूला लोकरीच्या कापडाच्या धंद्यात असलेल्या अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी गिरणीतली हीच गोष्ट उचलली आणि 1905 मध्ये मासेमारीच्या रिळाचं पेटंट घेतलं. गळ फेकताना रीळ स्थिर आणि दोर टोकावरून सुटणार. आज कल्याणपासून मालवणपर्यंत हौशी गळकऱ्यांच्या हातात जे स्पिनिंग रीळ दिसतं त्याचा हा पूर्वज. ज्या वस्तूचा जन्मच सूतगिरणीतला, तिच्याबद्दल लिहायला मोहने हे गाव मला म्हणूनच योग्य वाटतं.

समुद्र मात्र इथून लांब आहे. मोहन्याशी उल्हास नदी गोड्या पाण्याची. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं आंध्र धरणाचं पाणी तिला उन्हाळ्यातही वाहतं ठेवतं आणि कल्याण-डोंबिवलीसाठी पिण्याचं पाणी इथूनच उचललं जातं. उन्हाळ्यात जलपर्णीची हिरवी चादर पसरते, तेवढ्यातून मोकळी जागा शोधून पोरं गळ टाकतात. लागली तर मरळ, नाहीतर चिलापी. खाली काळू नदी येऊन मिळते, दुर्गाडीपाशी पाणी खाडीचं होतं आणि पुढे घोडबंदरच्या अंगानं वसईला ते समुद्राला भेटतं. गळाची हौसही बहुधा याच वाटेनं खाली उतरते. आधी नदीचा काठ, मग खाडीचा बंधारा, मग उरणचे किंवा अलिबागकडचे खडक, आणि एक दिवस चार मित्र वर्गणी काढून होडी ठरवतात. या सगळ्या प्रवासात दोर बदलतो, गळ मोठा होतो, काठी जाड होते. रीळ तेवढं त्याच जातीचं राहतं. काठावर वापरलेल्या स्पिनिंग रिळाचाच मोठा भाऊ विकत घेतला जातो.

माझं म्हणणं असं की इथे थांबून विचार करायला हवा. काठावरून दोर फेकायचा असतो, होडीवरून तो बहुतेक वेळा खाली सोडायचा असतो. ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांची रिळंही वेगळी आहेत.

दुसऱ्या जातीचं रीळ म्हणजे मल्टिप्लायर. दुकानात त्याला ओव्हरहेड किंवा कन्व्हेन्शनलही म्हणतात आणि त्याच्या छोट्या, चपट्या भावंडाला बेटकास्टर. संक्रांतीला गच्चीवर एकजण पतंग उडवतो आणि दुसरा त्याच्या मागे फिरकी धरून उभा असतो. मांजा ओढला जाईल तशी फिरकी गरगर फिरते. मल्टिप्लायरचं स्पूल तसंच, काठीला आडवं बसून फिरतं. पतंग अचानक थबकला की फिरकी आपल्या गतीनं फिरत राहते आणि मांज्याचा गुंतवळा होतो. मल्टिप्लायरनं फेक करताना अंगठा वेळेवर टेकला नाही तर हाच गुंतवळा पाहायला मिळतो. नवखा माणूस या रिळापासून पळतो तो याच भीतीनं. दात्यांची चाकं घालून हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे मिळवण्याची युक्ती निदान दोनशे वर्षं जुनी आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी रिळं हातानं घडवली. दोन्ही रिळांची कुळी त्यांच्या स्वभावात दिसते. गिरणीवाल्याचं रीळ दोर झपाट्यानं सोडण्यात पटाईत, घड्याळजीचं रीळ ओढ अचूक पेलण्यात.

आता होडीवर या.

मुंबई-ठाण्याच्या समुद्राचा एक गुण आधी लक्षात घ्यायला हवा. इथे पाणी फार चढतं-उतरतं. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि सहाएक तासांत ते सगळं पाणी माघारी फिरतं. वसईच्या मुखाशी किंवा उरणच्या समोर नांगर टाकून बसलेल्या होडीखालून हा लोंढा जात असतो. तळाशी चिखल, म्हणून पाणी गढूळ. अशा पाण्यात चमचमतं खोटं आमिष माशाला दिसेलच असं नाही. कोळंबीचा किंवा बोईच्या तुकड्याचा वास मात्र त्याच्यापर्यंत पोचतो. म्हणजे आमिष तळाला न्यायचं आणि तिथेच ठेवायचं. त्यासाठी शिसं जड लागतं. भांगाच्या दिवसांत शंभर-दीडशे ग्रॅमवर भागतं, उधाणात त्याच्या दुप्पट बांधूनही दोर तिरका जातो.

मल्टिप्लायरनं हे शिसं सोडणं पाहण्यासारखं असतं. क्लचची कळ दाबली की स्पूल मोकळं होतं. अंगठा दोरावर हलकासा टेकलेला, स्पूल त्याच्याखाली फिरतंय, दोर ओला असल्यानं अंगठ्याला गारवा लागतोय. शिसं तळाला टेकतं त्या क्षणी फिरणं मंदावतं आणि हे डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळतं. अंगठा दाबायचा, हँडलला अर्धा फेरा द्यायचा, क्लच टक्कन बसतो. आमिष तळापासून वीतभर वर. पाच मिनिटांनी ओढ वाढून शिसं सरकलं तर पुन्हा कळ, पुन्हा दोन हात दोर, पुन्हा टक्कन. दोर सोडण्याचं काम एका हातात होतं आणि दुसरा हात तोवर होडीची कड धरायला मोकळा राहतो. हलत्या होडीवर हा मोकळा हात मोलाचा आहे.

स्पिनिंग रिळावर हेच करायचं तर बेल, म्हणजे स्पूलवरची तारेची कमान, उघडायची, दोर बोटानं अडवत सोडायचा, तळ लागला की बेल मिटायची. दर वेळी दोन्ही हात गुंतले. प्रवाहात दोर ताणलेला असताना उघड्या बेलमधून तो वळशांनी निसटतो आणि तळ कधी लागला हे कळायलाच उशीर होतो. ओढून घेताना दोर रोलरवरून काटकोनात वळून स्पूलवर जातो. पाव किलो शिसं आणि त्यावर तीन किलोचा मासा, एवढं सगळं त्या एका वळणावर लोंबकळत असतं. स्वस्त रिळाचा रोटर अशा वेळी वाकलेला डोळ्यांना दिसतो.

त्याहून मोठी भानगड पिळाची. मासा दोर ओढून नेतोय, ड्रॅग, म्हणजे रिळातला ब्रेक, घसरतोय आणि घाबरलेला माणूस हँडल फिरवतच राहतो. रिळाचं गुणोत्तर 5 ला 1 असेल तर हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला दोरात पाच पीळ भरतात, दोर मात्र एक वीतही आत येत नाही. असे दहा फेरे मारले की पन्नास पीळ. पुढच्या फेकीला दोर स्पूलवरून गाठी घेऊनच सुटतो. मल्टिप्लायरमध्ये दोर सरळ येतो आणि सरळ जातो. ड्रॅग घसरत असताना हँडल फिरवलं तर श्रम वाया जातात, पण पीळ बसत नाही.

ड्रॅगचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबू, कारण रीळ निवडताना सगळ्यांत कमी विचार त्याचा होतो आणि मासा जातो तो बहुतेक वेळा त्याच्यामुळे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटावर मोठ्या ट्यूना माशांमागे लागलेल्या मंडळींकडे जी रिळं होती त्यांत हँडल थेट स्पूलला जोडलेलं असे. मासा पळाला की हँडल उलटं गरगरायचं आणि बोटांची हाडं मोडायचं. ब्रेक म्हणून अंगठ्याखाली चामड्याची पट्टी, बस्स. 1898 मध्ये तिथे ट्यूना क्लब निघाला आणि त्याच वर्तुळातल्या विल्यम बोशेन यांनी स्पूलच्या आत चकत्यांचा ब्रेक असलेलं रीळ घडवून आणलं. 1913 मध्ये त्यांनी त्यावर सुमारे 160 किलोचा तलवारमासा आणला. काठी-रिळावर मिळालेला तो पहिला तलवारमासा मानला जातो. आज मल्टिप्लायरच्या हँडलखाली चांदणीच्या आकाराचं जे चाक असतं तो स्टार ड्रॅग तिथून आला.

ड्रॅग अंदाजानं लावू नये. घरी वजनकाटा असतो, ताणाचा, आकडा असलेला. दोराचं टोक त्याला बांधावं, काठी मासा लागल्यासारखी वाकवावी आणि दोर सुटायला लागतो तो आकडा वाचावा. दोर 18 किलोचा असेल तर ड्रॅग साडेचार ते सहा किलोंच्या दरम्यान, म्हणजे पाव ते एक तृतीयांश. हाताला तो नेहमी वाटतो त्यापेक्षा जास्त निघतो किंवा कमी, बरोबर क्वचितच. काट्याला दोर बांधल्यावर आणखी एक गोष्ट तपासता येते. सुटताना दोर आधी एक झटका घेऊन मग सुटतो की पहिल्यापासून सलग सुटतो? झटका घेणारा ड्रॅग कितीही किलोंचा असो, सुरमईच्या पहिल्या धावेत दोर तोडतो.

आता हिशेबाची बाजू. ड्रॅगची पकड स्पूलच्या आसावर असते, पण माशाला ती जाणवते दोराच्या टोकाशी. पूर्ण भरलेल्या स्पूलचा व्यास 6 सेंटिमीटर असताना ड्रॅग 6 किलो लावला. मासा धावला, दोर कमी झाला आणि उरलेल्या दोराचा व्यास 4 सेंटिमीटर झाला, की तोच ड्रॅग 9 किलोंचा होतो. 3 सेंटिमीटर उरला की 12 किलो. शिवाय पाण्यातून घासत जाणाऱ्या लांब दोराची ओढ वेगळी आणि गाठीपाशी दोराची ताकद मुळात कमी. अशा वेळी घाबरून चांदणी आवळणारा हात स्वतःच दोर तोडत असतो. धाव लांबली तर ड्रॅग थोडा सैल करायचा. हे सांगायला सोपं आहे आणि करायला फार जड, म्हणून घरी काट्यावर अर्ध्या स्पूलचाही आकडा एकदा पाहून ठेवावा. ज्या स्पूलवर दोर भरपूर मावतो त्यावर हा फरक हळू पडतो. सुरमईसाठी मोठं स्पूल घ्यायचं खरं कारण हे आहे.

स्टारच्या जोडीला लिव्हर ड्रॅग येतो. त्यात पकड एका दांडीनं पुढे-मागे होते आणि मध्ये एक खूण असते. तिथे दांडी ठेवली की काट्यावर ठरवलेला आकडा हमखास मिळतो, म्हणून चालत्या होडीमागे आमिष ओढत नेताना, म्हणजे ट्रोलिंगला, तो उत्तम. काठी खोबणीत उभी, रीळ क्लिकरवर. सुरमई किंवा कुपा लागला की करकर आवाज येतो आणि दांडी कुठे आहे हे एका नजरेत दिसतं. पण लिव्हरची रिळं महाग आणि बांध्यानं जड. नांगरलेल्या होडीवरून तळाला शिसं सोडणाऱ्याला स्टार पुरतो, आणि त्यातल्या चकत्या बदलणं घरी जमतं.

मासा कोणता यावरही निवड पलटते. तांबोशी खडकाच्या कपारीत राहते, आमिष तोंडात घेते आणि पुढच्या क्षणी घराकडे वळते. तिथे पहिल्या तीन-चार हातांत निकाल लागतो. दोर देऊन चालत नाही. आडवं स्पूल, कमी गुणोत्तर आणि घट्ट ड्रॅग यांची ही लढाई. हेकरूचं तेच. जिताडा खाडीच्या मुखाशी, पुलांच्या खांबांपाशी मिळतो, पाण्यातून उसळी मारतो आणि त्याच्या कल्ल्यावरचं पातं लीडर, म्हणजे गळाजवळचा दोराचा शेवटचा तुकडा, कापतं. त्याला खोट्या आमिषाच्या नेमक्या फेकीनं गाठायचं तर बेटकास्टर किंवा मध्यम स्पिनिंग, दोन्ही चालतात. रावस लाटेच्या फेसात फिरतो, त्याला लांब फेक लागते.

लांब फेक आली की इलिंगवर्थ यांच्या रिळाला तोड नाही. कोकणात दक्षिणेकडे, रत्नागिरीच्या पुढे विजयदुर्ग-मालवणपर्यंत पावसाळ्यानंतर पाणी निवळतं. पृष्ठभागावर तारलीचा थवा उडतो, वर पक्षी घिरट्या घालतात, खाली सुरमई किंवा कुपा धुमाकूळ घालत असतो. होडी जवळ नेली तर थवा बुडतो. पन्नास-साठ मीटरवरून, वाऱ्याविरुद्ध, चाळीस ग्रॅमचं आमिष नेमकं त्या उकळत्या पाण्याच्या कडेला पडलं पाहिजे आणि लगेच वेगानं ओढलं गेलं पाहिजे. हे काम मल्टिप्लायरनं करणारे फार थोडे. इथे 8000 साइझच्या आसपासचं, कडक बांध्याचं स्पिनिंग रीळ हातात असावं. म्हणून होडीवर जाणाऱ्यानं पहिलं रीळ मल्टिप्लायर घ्यावं आणि काठावरचं चांगलं स्पिनिंग दुसरं म्हणून तयार ठेवावं, असं माझं मत आहे. मालवणकडेच जाणाऱ्यानं क्रम उलटा केला तरी हरकत नाही. ठाणे, वसई, उरणच्या गढूळ ओढीत मात्र मी क्रम बदलणार नाही.

दुकानात गेल्यावर आकड्यांचा मारा होतो. सगळ्यांत मोठ्या अक्षरांत बेअरिंगची संख्या छापलेली असते. तेरा बेअरिंगवालं हलक्या धातूचं रीळ खाऱ्या पाण्यात एका हंगामात खरखरायला लागतं आणि पाच चांगल्या, बंदिस्त बेअरिंगवालं वर्षानुवर्षं चालतं. त्याऐवजी रीळ हातात घ्यावं, हँडलचा दांडा आडवा दाबून पाहावा, बांधा लचकतो का ते बघावं. 4000, 6000, 8000 हे साइझचे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, म्हणून किती जाडीचा किती मीटर दोर मावतो ते वाचावं. गुणोत्तरही एकट्यानं फसवतं. स्पूलचा व्यास 5 सेंटिमीटर आणि गुणोत्तर 6 ला 1 असेल तर एका फेऱ्यात सुमारे 94 सेंटिमीटर दोर येतो, 4 ला 1 असेल तर सुमारे 63. वेगाच्या आमिषाला पहिलं, तळाच्या ओझ्याला दुसरं. दोन्ही कामं एकाच रिळानं करायचा हट्ट मनगटाला महागात पडतो.

नावाजलेल्या कंपन्यांतलं शिमानो हे नाव गिअरच्या सायकलींमुळे घरोघरी माहीत आहे. 1921 मध्ये जपानच्या साकाई शहरात सायकलच्या फ्रीव्हीलपासून सुरू झालेल्या या कंपनीनं मासेमारीची रिळं 1970 च्या सुमारास करायला घेतली. दाते बारकाईनं कापायचं कसब दोन्हीकडे एकच. अमेरिकेची पेन 1932 पासूनची आणि तिची जुनी मल्टिप्लायर अजूनही दुरुस्त होऊन चालतात. सुटे भाग मिळणं हा माझ्या मते नव्या रिळाच्या चकाकीपेक्षा मोठा गुण आहे.

विजेवर चालणारी रिळंही आता दिसतात. दोन-तीनशे मीटर खोलवरून ओझं आणायला ती बनली आहेत. मुंबईसमोर समुद्रतळाचा उथळ ओटा सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. दिवसभरात परतणारी आपली होडी पंधरा-पंचवीस मीटर पाण्यावर असते. एवढ्यासाठी बॅटरी उचलून न्यायची गरज नाही. तेलाच्या फलाटांपाशी मासा जमतो हे खरं, पण त्यांच्याभोवती 500 मीटरच्या आत जायला कायद्यानं बंदी आहे आणि ती पाळावी. विजयदुर्गसमोर शंभर किलोमीटरहून आत असलेल्या आंग्रिया बँकेचं नाव हौशी मंडळींत ऐकू येतं. तिथली प्रवाळांची वस्ती पाहता गळ न टाकता परतणंच मला बरं वाटतं.

दोर भरण्यातही एक बारीक गोष्ट आहे. ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळला तर ताणाखाली अख्खा गठ्ठाच स्पूलवर घसरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. आधी काही मीटर साधा तंगूस गुंडाळून त्यावर ब्रेड घ्यावा, तोही ओल्या फडक्यातून ताणून. सैल भरलेला ब्रेड पहिल्या मोठ्या माशाला आतल्या थरांत रुततो. लेव्हल वाइंड, म्हणजे दोर आपोआप सारखा पसरवणारी सोय, नसलेल्या मल्टिप्लायरवर दोर अंगठ्यानं डावीकडे-उजवीकडे पसरवत घ्यावा लागतो. विसरलं की एका बाजूला ढीग होतो आणि चौकटीला घासून रीळ अडतं. डावखुऱ्यांनी आणखी एक पाहावं. स्पिनिंगचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. मल्टिप्लायरचं येत नाही, ते घेतानाच बाजू सांगून घ्यावं लागतं.

परतल्यावर ड्रॅग आवळून, म्हणजे आत पाणी जाणार नाही अशा बेतानं, गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली रीळ धुवायचं. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. स्पिनिंगमध्ये दोराच्या रोलरवर बोट फिरवून तो फिरतोय ना ते पाहायचं. मीठ पहिलं तिथे साचतं, आणि अडलेला रोलर ब्रेडखाली चिरत जातो. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा, नाहीतर चकत्या दबून पुढच्या वेळी तोच झटका द्यायला लागतात.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, माशांच्या विणीचा तो काळ. राज्यानं 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबीही ठरवून दिली आहे. गळाला लागलेला मासा जिवंत परत सोडता येतो, जाळ्यातल्याला ती संधी क्वचितच मिळते. त्यामुळे मोजपट्टी गळाच्या डब्यात ठेवावी. बंदीचे हे दोन महिने रीळ उघडायला चांगले. पांढऱ्या कपड्यावर एकेक भाग काढल्या क्रमानं मांडायचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, ड्रॅगच्या चकत्या पुसून त्यांना ड्रॅगसाठीचंच ग्रीस बोटाच्या टोकानं अगदी पातळ लावायचं आणि उलट्या क्रमानं बसवायचं. मग पुन्हा वजनकाटा, पुन्हा आकडा, भरलेल्या स्पूलचा एक आणि अर्ध्या स्पूलचा एक. दोन्ही आकडे रिळाच्या पिशवीवर पेनानं लिहून ठेवावेत.